दीर्घकालीन वेदना : मानसशास्त्रीय आकलन आणि उपचाराच्या दिशा (लातूर व नांदेड जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

वेदना ही मानवी जीवनातील सर्वांत सार्वत्रिक अनुभूती होय. शरीराला होणाऱ्या अपायाची सूचना देणे हे तिचे मूळ कार्य आहे. काटा रुतताच पाय मागे घेतला जातो, तवा लागताच हात झटकला जातो. या अर्थाने वेदना ही शरीराची राखणदार आहे. परंतु जखम भरून आल्यानंतरही, हाड सांधल्यानंतरही जी वेदना महिनोन् महिने टिकून राहते तिचे स्वरूप वेगळे असते. अशा वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हटले जाते. कंबरदुखी हे तिचे सर्वाधिक परिचित रूप होय. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, असा अंदाज जागतिक रोगभार अभ्यासात मांडण्यात आला असून अपंगत्वासह जगाव्या लागणाऱ्या वर्षांचे ते जगातील पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले आहे.

लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत वाकून करावयाच्या कष्टाचे प्रमाण मोठे आहे. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, खुरपणी आणि ऊसतोड ही सर्व कामे कंबर, गुडघे व खांदे यांवर भार टाकणारी आहेत. त्यामुळे अंगदुखीची तक्रार येथे घरोघरी ऐकू येते. या तक्रारीला सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’, ‘गादी सरकली आहे’ असे असते. दुसरे उत्तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ असे असते. पहिल्या उत्तराने रुग्ण भयभीत होतो, दुसऱ्याने अपमानित होतो. दोन्ही प्रसंगी तो पुढच्या डॉक्टरकडे, पुढच्या सुईकडे आणि प्रसंगी टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रियेकडे वळतो. या दोन्ही उत्तरांपलीकडे तिसरे, अधिक शास्त्रशुद्ध उत्तर मानसशास्त्राने गेल्या साठ वर्षांत घडविले आहे. त्याचे स्वरूप, त्याचे सामर्थ्य, त्याच्या मर्यादा आणि या परिसरातील त्याची प्रस्तुतता यांचा विचार येथे केला आहे.

१. वेदनेची संकल्पना :

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीतच वेदना ही एक जाणीव आहे हे सूचित होते. आधुनिक शास्त्रही याच दिशेने गेले आहे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली व २०२० मध्ये ती सुधारली. या व्याख्येचा आशय असा की, वेदना हा एक अप्रिय असा संवेदनिक व भावनिक अनुभव असून तो शरीरातील पेशीजालाच्या प्रत्यक्ष वा संभाव्य इजेशी निगडित असतो किंवा तशा इजेसारखा भासतो. व्याख्येला जोडलेल्या टीपा अधिक महत्त्वाच्या आहेत. वेदना नेहमीच वैयक्तिक अनुभव असते, तिच्यावर जैविक, मानसिक व सामाजिक घटकांचा परिणाम होतो आणि व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेचा आदर केला पाहिजे, असे त्यांत नमूद केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हटले आहे. तिचे दोन प्रमुख गट आहेत. संधिवात, कर्करोग, मज्जातंतूंची इजा अशा अन्य आजारामुळे होणारी वेदना दुय्यम होय. जिथे वेदना हाच आजार असतो ती प्राथमिक दीर्घकालीन वेदना होय. या दुसऱ्या गटाला स्वतंत्र मान्यता मिळाल्याने ‘रिपोर्टमध्ये काही नाही म्हणून आजार नाही’ हा तर्क वैद्यकीय वर्गीकरणाच्या दृष्टीनेही टिकत नाही.

२. यांत्रिक कल्पनेपासून द्वारनियंत्रण सिद्धांतापर्यंत :

फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांच्या मृत्यूनंतर, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झालेल्या मानवी शरीरविषयक ग्रंथात वेदनेची यांत्रिक कल्पना आढळते. दोरी ओढताच दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, त्याप्रमाणे पायाला विस्तवाची झळ लागताच मेंदूत वेदना उमटते, अशी ही कल्पना होती. तिच्यानुसार जितकी इजा तितकी वेदना असावयास हवी. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी करून १९४६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक मागण्याइतकी तीव्र वेदना होत नव्हती. शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांमध्ये मात्र वेदनाशामकाची मागणी बरीच अधिक असल्याचे बीचर यांना पुढे आढळले. सैनिकासाठी जखम म्हणजे रणभूमीतून जिवंत सुटका होती. नागरिकासाठी तीच जखम संकट होती. जखमेला लाभलेला अर्थ बदलला की वेदनाही बदलते, हा बीचर यांच्या निरीक्षणाचा मथितार्थ होय.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात द्वारनियंत्रण सिद्धांत मांडला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमध्ये वेदनासंदेशांचे नियमन करणारी एक व्यवस्था आहे, ती दाराप्रमाणे कधी अधिक उघडते तर कधी मिटते आणि या दारावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही अंमल चालतो, असे त्यांनी प्रतिपादिले. भीती, चिंता व वेदनेवरच खिळलेले लक्ष यांमुळे हे दार उघडते. आश्वस्तता, आनंद, कामातील तल्लीनता यांमुळे ते मिटते. सिद्धांताच्या शारीरिक तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी मन हे वेदनेच्या यंत्रणेचाच एक भाग आहे ही त्यातील मूळ कल्पना टिकून राहिली.

१९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांच्या संशोधनातून केंद्रीय संवेदीकरणाची संकल्पना पुढे आली. वारंवार येणाऱ्या वेदनासंदेशांमुळे मज्जारज्जू व मेंदूतील पेशी अतिसंवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदनेचे रूप येऊ लागते. चोर आल्यावर भुंकावे म्हणून पाळलेला कुत्रा पानांच्या सळसळीवरही रात्रभर भुंकू लागावा, तसे येथे घडते. भुंकणे खरेच असते. मात्र दारात चोर नसतो.

या पार्श्वभूमीवर ‘मणक्यात गॅप’ या निदानाकडे पाहणे उद्बोधक ठरते. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांपैकी केवळ ३६ टक्के व्यक्तींच्या सर्व मणक्यांमधील गाद्या निर्दोष आढळल्या. २०१५ मधील एका व्यापक आढाव्यात वेदना नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या माहितीचा विचार झाला. त्यात विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींच्या गाद्यांची झीज झालेली दिसून आली. म्हणजे अनेकांच्या बाबतीत ही झीज केस पिकण्याइतकी स्वाभाविक असते. असे असताना ‘गॅप’ हा शब्द ऐकलेली व्यक्ती स्वतःच्या कण्याला तडा गेलेल्या भिंतीसारखे जपू लागते. तपासणीचा अहवाल हा पुरावा असतो. त्याचा अर्थ रुग्णाला कोणत्या शब्दांत सांगितला जातो, हा मात्र उपचाराचाच भाग असतो.

३. मानसशास्त्रीय प्रतिमाने :

३.१ वर्तनवादी दृष्टिकोन : अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात वेदना आणि वेदनावर्तन यांत भेद केला. कण्हणे, लंगडणे, अंथरूण धरणे, औषध मागणे ही वेदनावर्तने होत. त्यांना भोवतालच्या माणसांकडून जो प्रतिसाद मिळतो त्यानुसार ती वाढतात किंवा कमी होतात. आपल्याकडील कुटुंबात सुनेच्या दिवसभराच्या कष्टाची दखल कोणी घेत नाही, परंतु तिने अंथरूण धरले की विचारपूस होते. अशा वेळी वेदना हीच विश्रांतीची एकमेव मान्य वाट ठरते. हे ढोंग नव्हे. हे नकळत घडणारे अध्ययन आहे, आणि त्यावरील उपाय रुग्णाकडे दुर्लक्ष करणे हा नसून विश्रांती व आस्था वेदनेविनाही उपलब्ध करून देणे हा आहे.

३.२ भीती-परिहार प्रतिमान : योहान व्लायेन व स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये या प्रतिमानाची सविस्तर मांडणी केली. वेदना झाल्यावर काही व्यक्ती तिचा संकटसूचक अर्थ लावतात. ‘आता आपण कायमचे लुळे होणार’ असा विचार हे त्याचे उदाहरण होय. या विचारातून हालचालीची भीती निर्माण होते, भीतीमुळे हालचाल टाळली जाते, टाळल्यामुळे स्नायू दुबळे होतात, मन खिन्न होते आणि थोड्याशा हालचालीनेही वेदना वाढते. हे दुष्टचक्र होय. याउलट, वेदनेचा फारसा बाऊ न करता जी व्यक्ती हळूहळू कामाला लागते ती बहुधा लवकर सावरते.

३.३ बोधात्मक दृष्टिकोन : डेनिस टर्क, डोनाल्ड माइकेनबॉम व मायलेस जेनेस्ट यांच्या १९८३ मधील ग्रंथाने वेदनेविषयीचे विचार, समजुती व अपेक्षा यांना उपचाराच्या केंद्रस्थानी आणले. महाराष्ट्रातील वाचकांस अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा परिचय किशोर फडके यांच्या कार्यामुळे झालेला आहे. घटना आणि तिचा भावनिक परिणाम यांच्यामध्ये विचार उभा असतो, हे त्या पद्धतीतील सूत्र वेदनेलाही लागू पडते.

३.४ जैव-मनो-सामाजिक प्रतिमान : जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या या प्रतिमानात वरील सर्व दृष्टिकोन सामावले जातात. शरीर, मन आणि समाज ही एकाच अनुभवाची तीन अंगे आहेत. ‘वेदना शरीरातील की मनातील’ हा प्रश्नच त्यामुळे अप्रस्तुत ठरतो.

४. किल्लारीचा भूकंप : आघात आणि शरीर :

भीती आणि शरीर यांचे नाते लातूर जिल्ह्याने प्रत्यक्ष अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. या आपत्तीनंतर मानसिक आरोग्याच्या कामाकडेही लक्ष दिले गेले व त्यात डॉ. मोहन आगाशे यांचा पुढाकार होता. प्रताप शरण, शेखर सक्सेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या व्यक्तींच्या लहान नमुन्यावर केलेला प्राथमिक अभ्यास १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये निदानयोग्य मानसिक विकार आढळले. आघातोत्तर ताणविकृती व नैराश्य हे त्यांतील प्रमुख होते.

आघातोत्तर ताणविकृती आणि दीर्घकालीन वेदना या दोन अवस्था अनेकदा एकत्र आढळतात. टिमथी शार्प व अॅलिसन हार्वे यांनी २००१ मध्ये या दोहोंचे परस्परपोषक प्रतिमान मांडले. अपघातात वा आपत्तीत जायबंदी झालेल्या व्यक्तीला अंगातील कळ त्या प्रसंगाची आठवण करून देते. आठवण शरीराला पुन्हा सावध व ताठर करते. ताठरलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते. झोप उडते, आणि निद्रानाशामुळे वेदना सोसण्याची क्षमता आणखी घटते. भूकंपानंतर पक्क्या छताखाली झोपण्यास धजावत नसलेल्या माणसाची भीती जमीन स्थिर झाल्यावरही काही काळ टिकते. जखम भरल्यावरही शरीराची सावधगिरी त्याचप्रमाणे टिकून राहू शकते. म्हणूनच आपत्तीत सापडलेल्या व्यक्तीच्या जुनाट दुखण्याची चौकशी करताना ‘काय दुखते’ या प्रश्नासोबत ‘काय घडले’ हा प्रश्नही विचारणे आवश्यक ठरते.

५. श्रम, स्त्री आणि वेदना : मानसशास्त्राची मर्यादा :

मानसशास्त्रीय दृष्टिकोन स्वीकारताना एक धोका टाळला पाहिजे. वेदनेचे सर्व कारण व्यक्तीच्या विचारांत शोधले, तर तिच्या जगण्याची परिस्थिती नजरेआड होते. याचे ठळक उदाहरण लातूरलगतच्या बीड जिल्ह्यात दिसून आले. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. समितीसमोर आलेल्या माहितीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. पोटदुखी, कंबरदुखी व अंगावरून जाणे या तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या अनेक स्त्रियांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्याचे त्या वेळी उघड झाले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, एक दिवस ‘खाडा’ झाला तर दंड कापला जातो. अशा व्यवस्थेत पाळी व वेदना दोन्ही परवडत नाहीत. अवयव काढल्यावरही सर्वांच्याच वेदना थांबतात असे नाही.

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील डोंगराळ तालुक्यांतूनही ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर होते. त्यामुळे हा प्रश्न या जिल्ह्यांना परका नाही. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला. ही तक्रार केवळ जंतुसंसर्गाशी नव्हे, तर मानसिक ताण व सामाजिक अडचणींशीही दृढपणे निगडित असल्याचे त्यात दिसून आले. मन व परिस्थिती यांची विचारपूस झाली असती, तर कित्येक शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता होती. त्याचबरोबर, ज्या स्त्रीला उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावे लागते तिला केवळ ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणे हा अन्याय होय. योग्य मजुरी, आजारपणाची रजा, पडावातील पाणी व स्वच्छतागृह हेदेखील वेदनेवरील उपचार आहेत.

६. वेदनेची भाषा :

मेलझॅक यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या मॅकगिल वेदना प्रश्नावलीत वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत विभागले आहेत. मराठी भाषेचे भांडारही या बाबतीत समृद्ध आहे. दात ठणकतो, गळू ठसठसते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, मांडीत चमक निघते, तळपायाची आग होते, हाताला मुंग्या येतात, पोटऱ्या वळतात, अंग मोडून येते. यांतील प्रत्येक शब्द वेदनेच्या वेगळ्या प्रकाराकडे निर्देश करतो. आग होणे व मुंग्या येणे हे मज्जातंतूंच्या त्रासाकडे, तर उसण भरणे हे स्नायूंकडे लक्ष वेधते. याखेरीज ‘जीव घाबरा होतो’, ‘हातपाय गळून जातात’, ‘कशात जीव लागत नाही’ असे शब्दप्रयोग शरीर व मन यांची सीमारेषा सहज ओलांडतात. ‘मला नैराश्य आले आहे’ असे न म्हणणारी व्यक्ती ‘अंगात त्राणच राहिले नाही’ असे म्हणते. हे अज्ञान नसून दुःख व्यक्त करण्याची संस्कृतिसिद्ध रीत आहे. इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर वापरल्यास ही रीत निसटून जाते.

७. उपचारपद्धती :

मानसशास्त्रीय उपचार सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी अनिवार्य आहे. वजन घटणे, ताप, रात्री वाढणारी वेदना, पायातील शक्ती जाणे, जांघेभोवती बधिरता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे ही धोक्याची लक्षणे होत. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. ही कारणे वगळल्यानंतर पुढील पद्धती उपयुक्त ठरतात.

७.१ वेदनाविषयक शिक्षण : ‘दुखणे म्हणजे दर वेळी इजा होणे नव्हे’ हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे ही पहिली पायरी होय.

७.२ कामाचे नियमन : सोयाबीन काढणीच्या दिवसांत एखादी स्त्री गोळी घेऊन दिवसभर राबते आणि पुढील तीन दिवस अंथरुणावर पडून राहते. अतिश्रम व अतिविश्रांती यांचे हे चक्र वेदना वाढविते. त्याऐवजी वेदना वाढेपर्यंत न थांबता ठरावीक वेळाने उठणे, कामाचा प्रकार बदलणे व दर आठवड्याला थोडी वाढ करणे इष्ट असते. गुत्त्याने घेतलेल्या कामात हे अवघड असते. म्हणून टोळीतील इतरांशी कामाची अदलाबदल करण्याचा विचार समुपदेशनात व्हावयास हवा.

७.३ बोधात्मक वर्तनोपचार : संकटसूचक विचार ओळखणे, त्यांची तपासणी करणे, शिथिलीकरण, झोपेची शिस्त व टाळलेल्या कामांकडे क्रमाने परतणे हे या पद्धतीचे घटक आहेत. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने ७५ चाचण्या व ९,४०१ रुग्ण यांचा आढावा घेतला. या पद्धतीने वेदना, अपंगत्व व मानसिक त्रास यांत घट होते, परंतु तिचे सरासरी प्रमाण अल्प असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. उपचाराची शिफारस करताना हे प्रमाण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

७.४ सजगता व स्वीकार : जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या कार्यक्रमात आरंभी प्रामुख्याने दीर्घकालीन वेदनेचे रुग्ण होते. या पद्धतीचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र असलेली इगतपुरीची धम्मगिरी मराठी वाचकांस परिचित आहे. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टांत येतो. शरीराची पीडा हा पहिला बाण, तर त्या पीडेबद्दलचा शोक व आक्रोश हा दुसरा बाण होय. पहिला बाण प्रत्येक वेळी टाळता येत नाही. दुसऱ्या बाणाबाबत मात्र प्रयत्न करता येतो. वेदना पूर्ण जाण्याची वाट न पाहता आपल्या मूल्यांनुसार जगणे सुरू करावे, हे स्वीकार-बांधिलकी उपचाराचे सूत्रही याच दिशेचे आहे.

७.५ नवे प्रयोग : अमेरिकेत १५१ व्यक्तींवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनेचा पुनर्बोध घडविणारी पद्धती वापरण्यात आली. उपचारानंतर ६६ टक्के व्यक्ती वेदनामुक्त वा जवळजवळ वेदनामुक्त झाल्या. आभासी औषधाच्या गटात हे प्रमाण २० टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात १० टक्के होते. ही चाचणी एकाच ठिकाणी व सौम्य ते मध्यम कंबरदुखी असलेल्या व्यक्तींवर झाली होती. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ४९२ रुग्णांवरील चाचणीत भौतिकोपचार तज्ज्ञांनीच बोधात्मक तंत्रे वापरून केलेला उपचार वर्षभर परिणामकारक राहिला. मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या भागासाठी हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे.

ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०२१ मध्ये प्राथमिक दीर्घकालीन वेदनेसाठी व्यायाम व मानसशास्त्रीय उपचारांची शिफारस केली. पॅरासिटामॉल व दाहशामक वेदनाशामके नव्याने सुरू करू नयेत, असेही सुचविले. दाहशामक गोळ्यांच्या दीर्घ सेवनाने जठरात व्रण होतात व मूत्रपिंडांना अपाय होतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना गोळी घेणाऱ्या ग्रामीण भागात ही सूचना गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

८. लातूर व नांदेड परिसरातील शक्यता :

तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, ही अडचण खरी असली तरी अनुल्लंघ्य नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रांत नैराश्यावर वर्तनसक्रियतेचा उपचार केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील ६४ टक्के, तर तुलनागटातील ३९ टक्के व्यक्ती नैराश्यातून बाहेर आल्या. हे प्रतिमान नैराश्यासाठी सिद्ध झाले असले तरी त्यातील टप्प्याटप्प्याने कार्यरत होण्याचे तंत्र वेदनेच्या उपचारातही मध्यवर्ती आहे. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांच्याशी महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांनी सहकार्य केल्यास अशा प्रयोगांना आरंभ करता येईल. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकाची माहितीही गावोगावी पोहोचविता येईल.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातील प्राध्यापकांना पुढील कामे हाती घेता येतील. मानसशास्त्र व मराठी विभागांनी मिळून या परिसरातील वेदनावाचक शब्दांचा संग्रह करून त्यावर आधारित प्रश्नावली प्रमाणित करावी. समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी स्थलांतरित मजुरांची वेदना, औषधखर्च व बुडालेली मजुरी यांची पाहणी करावी. गृहविज्ञान व शारीरिक शिक्षण विभागांनी शेतकामातील शरीरस्थितीविषयी साधी प्रात्यक्षिके तयार करावीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ती गावांत नेता येतील. बहुविद्याशाखीय संशोधनाला याहून निकडीचा विषय क्वचितच मिळेल.

समारोप :

दीर्घकालीन वेदना ही केवळ हाडामांसाची बाब नाही आणि केवळ मनाचीही नाही. वेदना खरी असते, ती सांगणारी व्यक्ती विश्वासार्ह असते, आणि मन हे त्या वेदनेच्या घडणीत सहभागी असल्यामुळेच तिच्यावर मनाच्या मार्गानेही उपचार करता येतो. हे तिसरे उत्तर रुग्णाला घाबरवीत नाही व त्याला खोटेही ठरवीत नाही. मानसशास्त्रीय उपचारांचा सरासरी लाभ मर्यादित आहे, परंतु त्यांत मूत्रपिंडे निकामी होत नाहीत आणि अवयव गमवावा लागत नाही. मात्र हे उपचार श्रमाच्या न्याय्य परिस्थितीची जागा घेऊ शकत नाहीत. खुरपणीच्या ओळीत वाकलेल्या स्त्रीच्या कंबरेची कळ समजून घेण्यासाठी मज्जारज्जू, तिच्या मनातील भीती आणि तिला मिळणारी रोजची हजेरी या तिन्ही गोष्टींची एकत्र चौकशी करावी लागेल. ही चौकशी तिच्या भाषेत व तिच्या गावी करणे हे येथील वैद्यकाचे जितके कर्तव्य आहे तितकेच येथील महाविद्यालयांचेही आहे.